गिरणीच्या आवारातली वाफेची टोपली

मुंबईत चायनीज खाणारे दोन प्रकारचे लोक आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध येत नाही. पहिला वर्ग लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोडच्या नाक्यावर लाल रंगाच्या गाडीसमोर उभा राहून खातो. गाडीवर ड्रॅगन रंगवलेला असतो, मोठ्या आचेवर कढई आपटत असते आणि चायनीज भेळ, ट्रिपल शेजवान, सूप अशी नावे ऐकू येतात. यातले एकही खाणे चीनमध्ये कोणाला ठाऊक नाही. दुसरा वर्ग वातानुकूलित दालनात, मंद दिव्याखाली, बांबूच्या टोपलीतून 'डिमसम' खातो. हे मात्र खरेखुरे चिनी खाणे आहे. गंमत अशी की, या दोन्ही वर्गांची जागा आता एकच झाली आहे. नाक्यावर गाडी आणि नाक्यावरच्या भिंतीआड, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात, डिमसम.

लोअर परळच्या अशाच एका आवारात नुकतेच एक नवे डिमसमचे हॉटेल उघडले आहे. त्याचे नाव येथे लिहीत नाही. आपल्या वाचकाने तिकडे धावावे असेही नाही आणि त्यावर बहिष्कार टाकावा असेही नाही. मुलीचा हट्ट होता म्हणून एका रविवारी दुपारी सहकुटुंब गेलो. बरोबर आमच्या जुन्या चाळीतल्या अण्णांनाही घेतले. अण्णा १९७४ साली अठराव्या वर्षी बदली कामगार म्हणून गिरणीत लागले, त्रासन खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते कायम होऊन दोन वर्षे झाली होती. ते ज्या गिरणीत होते ती ही नव्हे, पण गिरणीची भिंत कुठलीही असली तरी ते ती ओळखतात. गेटवर सुरक्षारक्षकाने आमच्या पिशव्या तपासल्या तेव्हा अण्णा मला म्हणाले, "वकीलसाहेब, आमच्या वेळी आत जाताना नाय, बाहेर पडताना झडती घ्यायचे."

डिमसम म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे मोमो आणि डिमसम एकच समजतात. मोमो तिबेटी. १९५९ नंतर तिबेटी निर्वासितांबरोबर आणि नेपाळी कामगारांबरोबर तो भारतभर पसरला. डिमसम हा दक्षिण चीनमधल्या कँटन भागातला प्रकार. तिकडे सकाळी चहाच्या दुकानात लोक कुटुंबासह बसतात आणि चहाबरोबर छोट्या छोट्या टोपल्यांतून वाफवलेले, तळलेले, भाजलेले निरनिराळे जिन्नस मागवतात. त्या सगळ्यांना मिळून डिमसम म्हणायचे. म्हणजे तो एक पदार्थ नाही, खाण्याची एक रीत आहे. त्यातला कोळंबीचा 'हार गाव' सर्वांत नाजूक. गव्हाच्या सत्त्वावर उकळते पाणी ओतून त्याची उकड काढतात, पारी पातळ लाटतात, कोळंबी भरतात, एका बाजूने चुण्या घालतात आणि वाफवतात. वाफवल्यावर पारी काचेसारखी होते, आतली गुलाबी कोळंबी दिसते. आमच्या सौ. टोपली उघडल्याबरोबर म्हणाल्या, "हा तर उकडीच्या मोदकाचा भाऊ." खरे आहे. वाफ, उकड, पारी आणि कळ्या पाडण्याचे कसब ही काही एका जातीची किंवा एका देशाची मालमत्ता नाही. जगात जिथे तांदूळ-गहू आहे आणि जळण महाग आहे, तिथे बाईमाणसाने भांड्यावर भांडे रचून वाफेवर शिजवायला शिकून घेतले आहे.

चव उत्तम होती, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. एका टोपलीत चार नग आणि त्याला पाचशेच्या वर रुपये. अण्णांनी मेनूकार्डावरचा आकडा पाहिला आणि कार्ड उलटे ठेवले. पण खाल्ले मात्र आवडीने. काड्यांनी नव्हे, हाताने. मुलीने आधी आजूबाजूला पाहिले आणि मग तीही हातानेच खाऊ लागली.

खाता खाता अण्णांनी वर पाहिले. छताचे जुने लोखंडी गर्डर तसेच ठेवले आहेत, त्यांना काळा रंग देऊन खाली दिवे सोडले आहेत. हल्ली ही फॅशन आहे. यंत्रे भंगारात गेली, माणसे गावी गेली, गर्डर मात्र शोभेला राहिले. "हे साचा खातं असणार," अण्णा म्हणाले. "आमचा बाप सांगायचा, या खात्यात आपल्याला पाय ठेवू देत नव्हते."

या वाक्याचा अर्थ नव्या पिढीला कळत नाही, म्हणून तो विस्ताराने सांगतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात, म्हणजे साच्यावर, मजुरी सर्वांत चांगली मिळे. अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. त्यांच्या वाट्याला सूत काढण्याची कमी मजुरीची खाती. कारण काय दिले जाई? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी बसवून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावे लागे, आणि ते तोंडाने ओढून काढीत. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा स्पृश्य साचेवाला आपल्या तोंडाला कसा लावणार? बस्स, एवढ्यावर हजारो माणसांची मजुरी अडवली गेली. नवे यंत्र विलायतेहून आले, वीज आली, युनियन आली. पण थुंकीचा विटाळ मनूच्या काळातलाच राहिला. १९२८ चा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घाला, असा आग्रह त्यांनी धरला. क्रांतीची भाषा बोलणाऱ्या पुढाऱ्यांना ही मागणी सहजासहजी पचली नाही. ती त्यांनी नाइलाजाने घेतली. मालक वर्गशत्रू होता हे खरे, पण साच्यावर उभा असलेला कामगारबंधू काय होता?

त्याच छताखाली आज एका टोपलीतून चार माणसे खात होती. शेजारच्या टेबलावर कॉलेजची मुले एकमेकांच्या ताटलीत काड्या घालत होती, एकाच वाटीतल्या सॉसमध्ये बुडवत होती. कोणाची जात कोणती, कोणी विचारत नव्हते. ज्या जागेत तोंडाला लागलेल्या धोट्यावरून माणसाला बाहेर ठेवले, त्या जागेतले हे दृश्य पाहून मला बरे वाटले नाही असे कसे म्हणू? वाटले. पण वकिलाला बरे वाटून चालत नाही, त्याला उलटतपासणी घ्यावी लागते.

संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात, भाषणस्वातंत्र्याच्या शेजारी, चहाचे हॉटेल कशाला, असा प्रश्न एखाद्या परदेशी माणसाला पडेल. आपल्याला पडत नाही. १९१७ साली बडोद्यात परदेशी पदवी घेऊन आलेल्या बाबासाहेबांना पारशी विश्रांतिगृहातून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले, हे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे, त्याला हॉटेल हा शब्द तिथे का आहे ते कळते. पुढे १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आला, १९७६ मध्ये दुरुस्तीनंतर तोच नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. त्यात सार्वजनिक उपाहारगृहातली भांडी वापरण्यापासून रोखणे हाही गुन्हा आहे. म्हणजे वेगळी कपबशी. गावाकडे टपरीच्या आढ्याला खोचलेली वेगळी कपबशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे कलम कोणी समजावून सांगायला नको.

तेव्हा या टेबलावर बसण्याचा हक्क आपल्याला कोणा हॉटेलवाल्याच्या मेहेरबानीने मिळालेला नाही. मात्र आज दारावर जात विचारत नाहीत, दर लावतात. कायद्याने जातीची पाटी काढली. दराची पाटी लावायला कोणतेही कलम आडवे येत नाही. आणि दुसरे असे की, सहभोजनाने जात मरते, हा भ्रम बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात खोडून काढला आहे. एकत्र जेवणाऱ्या जातीही जात पाळतातच, खरा उपाय आंतरजातीय विवाह आणि त्याच्याही मुळाशी असलेल्या शास्त्रप्रामाण्याचा नाश, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. शेजारच्या टेबलावरची ती मुले एका वाटीतला सॉस खातात. लग्नाच्या वेळी त्यांचे आईवडील कोणत्या वाटीत बुडवतात, ते वधुवर सूचक मंडळांच्या जाहिरातींत वाचावे.

आता चिनी माणसाकडे वळू. त्याच्याशी आपले नाते आपल्याला वाटते त्यापेक्षा जवळचे आहे.

मुंबईत चिनी माणसे जहाजांवरून आली आणि माझगावच्या गोदीच्या आसपास राहिली. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळच १९१९ साली बांधलेले त्यांचे देऊळ अजून उभे आहे. बाहेरून साधी इमारत, आत लाल रंग आणि उदबत्त्या. तिथे ग्वान यिन आहे. ही ग्वान यिन म्हणजे मुळात आपला अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. अजिंठ्याच्या भिंतीवरून निघून चीनला पोहोचता पोहोचता त्याचे स्त्रीरूप झाले आणि कित्येक शतकांनी खलाशांच्या पेटीतून ते माझगावला परत आले. चैत्यभूमीला येणाऱ्या आपल्या किती बांधवांना हे ठाऊक आहे?

पण भारतात चिनी समाजाचे मोठे ठाणे मुंबई नव्हे, कलकत्ता. तिथल्या टांगरा भागात हक्का चिन्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चामडे कमावण्याचे कारखाने काढले. का काढले? कारण सवर्ण भांडवलदार त्या धंद्याला हात लावीत नव्हता. ढोराचे कातडे, चुन्याची कुंडी, दुर्गंधी. जो धंदा आपल्या समाजाच्या काही जातींवर जन्माने लादला आणि त्याबद्दल त्यांना गावाबाहेर ठेवले, तोच धंदा परदेशातून आलेल्या माणसाने विटाळ न मानता केला आणि त्यातून तो मालक झाला. चामड्यात पैसा नव्हता असे नाही. चामड्यात हात घालणाऱ्या आपल्या माणसाला भांडवल आणि बाजार मिळू द्यायचा नव्हता. अर्थात चिनी मालक काही संत नव्हता. त्याच्या कुंडीत उतरणारे हात बिहारमधून आलेल्या चर्मकारांचेच होते.

पुढची गोष्ट अशी. १९ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणावरून कलकत्त्याचे हे चामड्याचे कारखाने शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला. अनेक चिनी कुटुंबांनी धंदा आवरला आणि त्याच टांगऱ्यात हॉटेले थाटली. आज कलकत्त्याचे लोक टांगऱ्याला चिनी जेवायला जातात. हक्का नूडल्स हे नाव ज्यांच्यावरून पडले ते हेच हक्का लोक. आपल्या मुंबईत 'मंच्युरियन' करणारे नेल्सन वांग हेही कलकत्त्याचेच. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात लसूण, आले, हिरवी मिरची आणि सोया सॉस एकत्र करून त्यांनी तो पदार्थ केला आणि पुढे केम्प्स कॉर्नरला 'चायना गार्डन' उघडले. गाडीवरच्या लाल मंच्युरियनचा मूळ पुरुष हा.

म्हणजे टांगऱ्यात चामड्याचे कारखाने गेले आणि हॉटेले आली. गिरणगावात गिरण्या गेल्या आणि हॉटेले आली. दिसायला गोष्ट एकच. पण टांगऱ्यात ज्याचा कारखाना गेला तोच हॉटेलच्या गल्ल्यावर बसला, कारण जमीन त्याच्या नावावर होती. गिरणगावात ज्याची गिरणी गेली तो आज गल्ल्यावर नाही, टेबलावर नाही; असलाच तर गेटवर रक्षकाच्या गणवेशात आहे.

हे आपोआप झालेले नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले होते. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि हे वाटे संपूर्ण जमिनीचे नव्हे, तर ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्याच तुकड्याचे करायचे, असे झाले. गिरणीत मोकळी जमीन असते किती? शेड, गोदाम, चिमणी सोडून जे उरेल ते. या दुरुस्तीविरुद्ध पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. एका कलमातल्या एका शब्दाच्या अर्थावर शेकडो एकर जमिनीचे भवितव्य ठरले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, व्याख्येचे कलम कंटाळवाणे म्हणून उलटू नका, सगळी लूट तिथेच असते.

कामगारांच्या घरांचे काय? २०१२ साली म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. घरासाठी अर्ज करणारे कामगार आणि वारस दीड लाखाहून अधिक. अण्णांचा अर्ज त्यात आहे. पावती त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, धम्मदीक्षेच्या जुन्या फोटोबरोबर ठेवली आहे.

१९६२ च्या युद्धानंतर या देशातल्या चिनी वंशाच्या माणसांचे जे झाले तेही आपण लक्षात ठेवले पाहिजे. परकीय नागरिकांविषयीच्या कायद्यात त्याच वर्षी अशी दुरुस्ती केली की, जन्माने भारतीय असलेल्या माणसाचे आईवडील किंवा आजी-आजोबा शत्रूराष्ट्राचे असतील तर त्यालाही परकीय मानून वागवता यावे. सुमारे तीन हजार माणसे, त्यांत बायका-मुले, आसाम-बंगालमधून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवली. काही जण तिथे अनेक वर्षे राहिले. खटला नाही, आरोप नाही. आजोबा कोण यावरून माणसाचा गुन्हा ठरवायचा, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

आणि म्हणूनच जून २०२० मध्ये गलवानच्या चकमकीनंतर जे झाले त्याचे वाईट वाटले. केंद्रीय सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चिनी मालाबरोबर चिनी खाद्यपदार्थांवरही बहिष्कार टाका, चायनीज विकणारी हॉटेले बंद करा, असे आवाहन केले. आठवले साहेब आपल्याच चळवळीतून, वडाळ्याच्या वसतिगृहातून, पँथरमधून वर आलेले नेते. मुंबईत चायनीजची गाडी कोण चालवतो, हे त्यांना माहीत नसेल असे मला वाटत नाही. ती गाडी बीजिंगचा कोणी चालवत नाही. गिरणी बंद पडल्यावर ज्या मुलांना नोकरी मिळाली नाही, त्यांच्यातल्या कोणी वडापावची गाडी टाकली, कोणी चायनीजची. हाताशी नेपाळी कारागीर, भाऊ गल्ल्यावर, आई घरी कोबी चिरायला. त्या गाडीत चीनचे एवढेच, भिंतीवरचा ड्रॅगन. सोया सॉससुद्धा इथल्याच कारखान्यात भरलेला.

असो. परत टेबलाकडे.

मेनूकार्डावर मी एक पदार्थ शोधत होतो, तो मिळाला नाही. कँटनच्या चहाघरांत कोंबडीचे पाय वाफवून, मसाल्यात मुरवून देतात. आधी तळतात, मग शिजवतात, मग वाफवतात. हाडावरचे कातडे सैल होऊन तोंडात विरघळते. त्याला त्यांनी नाव ठेवले आहे, 'फिनिक्स पक्ष्याचे पंजे'. लोअर परळमध्ये फिनिक्स मिलच्या आसपास फिनिक्सचेच पंजे मिळू नयेत, हा विनोद आहे. त्याच चहाघरांत जनावराचे पोट, आतडी, गोठवलेले रक्त हेही नाजूक वाट्यांतून देतात. तिथले श्रीमंत लोक ते आवडीने मागवतात आणि कोणाला लाज वाटत नाही.

आपल्याकडे वजडी, रक्ती, मुंडी, पाये, वाळवलेल्या मांसाच्या चान्या हे सगळे होते आणि अजून आहे. पण ते कुठल्या मेनूकार्डावर आहे? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहिले तेव्हा मराठवाड्यातल्या दलितांच्या स्वयंपाकघरातल्या या पाककृती पहिल्यांदाच इतक्या मोकळेपणाने छापून आल्या. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि मग इंग्रजी वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने लिहिली. त्याआधी पाककृतींची शेकडो मराठी पुस्तके निघाली होती. 'महाराष्ट्रीय जेवण' म्हणून त्यांत जे होते ते कोणाच्या चुलीवरचे होते?

इथे एक खुलासा आवश्यक आहे, नाहीतर विरोधक वाक्य तोडून वापरतील. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे आपल्या लोकांना बजावले. ते मांस गुलामीची मजुरी होती. ढोर ओढण्याच्या बदल्यात मिळणारे, हक्काने नव्हे तर हीनतेने मिळणारे. आपल्या आईवडिलांनी ते सोडले ते स्वाभिमानासाठी. खाटकाकडून पैसे मोजून आणलेल्या वजडीचा त्याच्याशी संबंध नाही. तरीही आमच्या पिढीतले शिकलेले लोक पाहुणे आले की वजडी लपवतात आणि पनीर मांडतात. चिन्याने कोंबडीच्या पंजाला पक्षिराजाचे नाव दिले. आपण आपल्या आईच्या हातच्या रक्तीला नाव घेण्यासारखेही ठेवले नाही. मुलगी म्हणाली, "पप्पा, आपण घरी करू ना." अण्णा म्हणाले, "तुझ्या आजीसारखी व्हायची नाय."

कार्डावर जे होते ते सांगतो. 'जैन डिमसम' होते, कांदा-लसूण नसलेले. जैन बांधवांना त्यांच्या रीतीचे खायला मिळावे, याला आमची हरकत असण्याचे कारण नाही. हॉटेलवाला धंदा करतो. पण याच शहरात मार्च २०१५ पासून गोवंश हत्याबंदीची दुरुस्ती लागू झाली आणि बैलाचे मांसही बंद झाले. राज्याबाहेरून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम तेवढे ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. याच शहरात गिरगावच्या चाळी पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये मासे खाणाऱ्याला घर मिळताना अडचण येते, अशा तक्रारी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत येत आहेत. एका समाजाच्या ताटासाठी स्वयंपाकघरात वेगळी कढई ठेवली जाते आणि दुसऱ्याच्या ताटासाठी पोलीस, हा फरक नोंदवून ठेवला पाहिजे.

वाढणारी मुले ईशान्येकडची होती. एक मणिपूरचा, एक मिझोरामचा, असे विचारल्यावर कळले. डिमसमच्या हॉटेलात अशीच मुले दिसावीत असा मालकांचा आग्रह असतो. चेहरा सजावटीचा भाग. त्यांना चीनशी काही देणेघेणे नाही, इंग्रजी उत्तम, हिंदी तुटक, मराठीत 'धन्यवाद' शिकलेले. आमच्या मागच्या टेबलावरच्या एका गृहस्थाने त्यातल्या एकाला 'ए चिंकी' म्हणून हाक मारली. मुलगा हसून गेला. नोकरी टिकवायची म्हणजे हसावे लागते. हा शब्द गमतीचा नाही. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला जमातीबाहेरच्या माणसाने सार्वजनिक ठिकाणी असे हिणवले तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई करा, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१२ सालीच राज्यांना कळवले आहे. जो कायदा आपण आपला म्हणून जपतो, तो मिझोरामच्या त्या मुलाचाही आहे. मी उठून त्या गृहस्थांना तेवढे सांगितले. ते गप्प झाले. नंतर बाहेर जाताना त्या मुलाने मला आणखी एक चहाचे भांडे आणून दिले, बिलात न लावता.

बिलात सेवा शुल्क मात्र लावले होते. ते सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. सांगितल्यावर काढून दिले. तेवढे पैसे त्या मुलांच्या हातात दिले.

बाहेर पडलो तर भिंतीला लागून चायनीजची गाडी लागत होती. संध्याकाळचे पाच. पोरगा कोबीचा ढीग रचत होता. त्याच्याकडे परवाना आहे का? बहुधा नसेल. उघड्यावर सिलिंडर लावून शिजवण्याला सुरक्षेच्या नियमांची आडकाठी आहे आणि ती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. पण २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारात वरच्या मजल्यावरच्या हॉटेलांना आग लागून १४ माणसे मेली, ती रस्त्यावरच्या गाडीने नव्हती. आगीचा नियम आवाराच्या आत आणि बाहेर सारखाच कडक असावा, एवढेच मागणे आहे.

गाडी लावणाऱ्या आपल्या तरुणांसाठी काही गोष्टी. २०१४ चा पथविक्रेता कायदा तुमच्यासाठी आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही पथविक्रेत्याला हटवता येत नाही, असे त्याचे तिसरे कलम सांगते. माल जप्त केला तर जप्त मालाची यादी तुम्हाला दिलीच पाहिजे. नाशवंत माल तुम्ही मागणी कराल त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. यादी न देता गाडी उचलली तर तिथेच वेळ, ठिकाण, गाडीचा क्रमांक लिहून घ्या, मोबाइलवर फोटो काढा. शहर फेरीवाला समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व द्यावे लागते. ही निवडणूक लागते तेव्हा आपल्या वस्त्यांत कोणाला पत्ता नसतो. गणपती, नवरात्र आणि जयंतीच्या मंडळांचे पदाधिकारी निवडताना जी चढाओढ होते, तिच्या दहाव्या हिश्शाची चढाओढ इथे झाली तरी नाक्यावरच्या निम्म्या गाड्या वाचतील. सर्वेक्षणाची पावती, आधारची प्रत, ज्या जागी धंदा करता तिथले जुने दंडाच्या पावत्यांचे कागद, हे सगळे एका पिशवीत ठेवा. दंडाची पावतीसुद्धा फेकू नका. तुम्ही तिथे अमुक वर्षापासून उभे आहात याचा तो पुरावा आहे.